ओळख पुरे, ऑर्डर द्या

गेम बनवणाऱ्यांना चित्रकार सापडत नाहीत आणि चित्रकारांना काम सापडत नाही; तेव्हा दोघांची गाठ घालून दिली की प्रश्न मिटला, असं सध्या फार ठिकाणी ऐकायला मिळतं. कॉलेजातली व्याख्यानं, गेमिंगचे मेळावे, सरकारी धोरणांवरच्या चर्चा, सगळीकडे हेच पालुपद. एखादी यादी करा, एखादा ग्रुप काढा, वर्षातून एकदा सगळ्यांना एका सभागृहात बसवा. पुढचं ज्याचं तो बघून घेईल. म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण म्हणणं चुकीचं आहे, आणि त्या चुकीची किंमत चित्रकार मोजतो.

गाठ पडणं ही या व्यवहारातली सर्वांत सोपी गोष्ट आहे, आणि ती कधीच होऊन गेली आहे. सुटी कामं देण्या-घेण्याचा ऑनलाइन बाजार असलेलं फायव्हर २०१० पासून चालू आहे. छोट्या गेमवाल्यांचा हक्काचा बाजार असलेलं इच डॉट आयओ २०१३ साली निघालं. आर्टस्टेशनवर २०१४ पासून जगभरचे चित्रकार आपलं काम मांडून बसले आहेत. नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या एखाद्या खोलीत ड्रॉइंग टॅब्लेट घेऊन बसलेला मुलगा आज पोलंडमधल्या गेमवाल्याला संध्याकाळी निरोप टाकतो आणि जेवण होईपर्यंत त्याचं उत्तर येतं. अडतं ते त्या उत्तरानंतर. किती चित्रं, कोणत्या मापाची, किती वेळा बदलून द्यायची, पैसे कधी, आणि ती चित्रं शेवटी कोणाची, याबद्दल दोघांपैकी कोणीच काही लिहून ठेवत नाही. सहा महिन्यांनी भांडण होतं किंवा एक जण फोन उचलायचा बंद होतो. मग पुन्हा कोणीतरी उठून म्हणतं, ‘अहो, ओळखीच नाहीत हो आपल्याकडे.’

हे कुठे चुकतं ते समजून घ्यायला अंबडइतकी चांगली शाळा नाही. नाशिकच्या या औद्योगिक वसाहतीत गरवारे पॉइंटपासून एक्स्लो पॉइंटपर्यंत छोट्या वर्कशॉपच्या रांगा आहेत. वाहन उद्योगाला आणि विजेची उपकरणं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग इथे जॉबवर्कवर बनतात. या वर्कशॉपवाल्यांपैकी कोणाचंही नुसत्या ओळखीवर पोट भरलेलं नाही. ओळख दारापर्यंत नेते. आत गेल्यावर हातात पडते ती परचेस ऑर्डर.

त्या कागदावर काय असतं ते जरा जवळून पाहावं. समजा, पत्र्याचे ब्रॅकेट हवे आहेत. ऑर्डरवर ड्रॉइंगचा क्रमांक असतो आणि त्या ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती तेही असतं, कारण जुन्या ड्रॉइंगवर हजार नग निघाले तर कोणाच्या डोक्यावर बसायचे हा प्रश्न येतोच. पत्र्याचा दर्जा आणि जाडी असते. भोकाचं माप किती आणि ते किती इकडेतिकडे चालेल, हे असतं. नग किती, दर काय, माल कधी, पैसे किती दिवसांत. पहिला नग तपासून पास झाल्याशिवाय पुढचं प्रॉडक्शन सुरू करायचं नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. आणि एक बाब, जिच्यावरून जुन्या वर्कशॉपवाल्यांनी ठेचा खाल्लेल्या असतात: डाय, म्हणजे भाग बनवायचा साचा, कोणाची? डायचे पैसे गिऱ्हाइकाने दिले असतील तर ती वर्कशॉपच्या रॅकवर पडलेली असली तरी गिऱ्हाइकाची. वर्कशॉपवाल्याने स्वतःच्या पैशाने केली असेल तर गिऱ्हाईक उद्या ती उचलून शेजारच्या गाळ्यात नेऊ शकत नाही. मॅट्रिक नापास मालकसुद्धा हे पहिल्या दिवशी विचारतो.

आता चित्रकाराला येणारा निरोप बघा. ‘भाऊ, एक गेम बनवतोय. हीरोचं कॅरेक्टर पाहिजे, पिक्सेल आर्टमध्ये. किती घेशील?’ एवढ्यावर दर मागितला जातो आणि बहुतेक वेळा दिलाही जातो. दोन हजार, तीन हजार, जे तोंडाला येईल ते.

‘हीरोचं कॅरेक्टर’ म्हणजे किती काम असतं? वरून दिसणारा साधा साहसी गेम धरू. हीरो नुसता उभा असताना श्वास घेतो, त्याच्या ४ फ्रेम. चालण्याच्या ८. तलवार चालवण्याच्या ६, मार बसल्याच्या २, मरण्याच्या ६. झाल्या २६. हीरो चार दिशांना तोंड करतो, म्हणजे १०४. डावीकडचं चित्र उजवीकडे उलटवून वापरलं तर ७८ वर भागतं, पण मग हीरोच्या उजव्या हातातली तलवार डावीकडे वळताच डाव्या हातात जाते. ती चालणार की नाही, हे कोणीतरी आधी ठरवायला हवं. कोणी ठरवत नाही. चित्रकार ७८ फ्रेम देतो, गेमवाला आठवड्याने म्हणतो की तलवारीचा हात बदलतोय, तेवढं नीट कर. ‘तेवढं’ म्हणजे २६ नव्या फ्रेम, आणि त्यांचे पैसे कोणीच बोललेलं नसतं. त्यात पुन्हा गेमवाल्याने मधेच हीरोची उंची ३२ पिक्सेलवरून ४८ वर नेली, तर आधीचं सगळं काम मोडीत निघतं. पिक्सेल आर्ट फोटोसारखं ताणून मोठं करता येत नाही, ठिपका न्‌ ठिपका नव्याने बसवावा लागतो.

अंबडच्या भाषेत सांगायचं तर ड्रॉइंगशिवाय, मापाशिवाय, पहिला नग पास न करता ऑर्डर सोडली आणि रिवर्कचा खर्च जॉबवर्करच्या अंगावर टाकला. एकही वर्कशॉप असं काम घेणार नाही. चित्रकाराने मात्र ते घ्यावं, उलट संधी मिळाली म्हणून आभार मानावेत, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि कितीही मेळावे भरवले तरी ती त्याने बदलणार नाही.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: छोट्या गेमवाल्याकडे पैसेच नसतात, म्हणून तो वाटा देतो. गेम चालला की वीस टक्के तुझे. ऐकायला हे बरोबरीचं वाटतं. हिशोब मांडला की खरं दिसतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम लावायला प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, आणि विक्रीतला ३० टक्के हिस्सा स्टीम ठेवून घेतं. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त गेम आले. त्या गर्दीत समजा एका नवख्या गेमच्या ३०० रुपये दराने ५०० प्रती भारतात विकल्या गेल्या. दीड लाख रुपये झाले. त्यातला १८ टक्के जीएसटी वजा केला की सुमारे १ लाख २७ हजार उरतात. स्टीमचा हिस्सा गेला की ८९ हजार. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केलेल्या प्रतींचे पैसे स्टीम परत देतं. ते या हिशोबात धरलेलेच नाहीत. चित्रकाराचे वीस टक्के म्हणजे १७ हजार ८०० रुपयांच्या आसपास, आणि तेही गेम पूर्ण झाला, बाजारात आला आणि ५०० जणांनी घेतला तर. बहुतेक छंदी गेम पूर्णच होत नाहीत. वर्षभराच्या कामाचा हा मोबदला आणि त्यावर एवढे ‘जर’.

वाटा हा शब्द तेव्हाच खरा, जेव्हा माणूस भागीदार असतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं उदाहरण घ्या. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा त्यांचा गेम २०२० च्या ऑगस्टमध्ये निन्टेन्डो स्विचवर आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या नामांकनांत पोहोचला. त्याआधी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागून बघितली होती, ती लक्ष्याला पोहोचली नव्हती. तरी काम चालू राहिलं. या गेमची ओळख म्हणजे त्याचं चित्र: राजस्थानी महाल, पहाडी शैलीची आठवण करून देणारी रंगसंगती, कथेसाठी वापरलेल्या छायाबाहुल्या. आणि ती कलाबाजू सांभाळणाऱ्या श्रुती घोष या अविचल सिंग आणि इयन मॉड यांच्यासोबत कंपनीच्या संस्थापक आहेत. तोट्याच्या वर्षांतही त्यांचा शब्द निर्णयात होता, म्हणून नफ्यावर त्यांचा हक्क होता. निर्णयात शून्य आणि नुकसानीत पूर्ण सहभाग, याला भागीदारी म्हणणं ही फसवणूक आहे, मग ती करणारा स्वतः कितीही कफल्लक असो.

नाशिकला हा धडा नवा नाही. अंबडपासून थोड्याच अंतरावर, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, राजा रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलेले, खोदकाम आणि छपाईचा स्वतःचा धंदा केलेले. म्हणजे सिनेमाच्या आधी ते चित्रकार आणि कारागीर होते. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी नाशकात बस्तान बसवलं आणि १९१८ मध्ये मुंबईच्या धनिकांच्या भांडवलावर हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवलवाले आणि फाळके यांचं पुढे जमलं नाही. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, मग परत आले. पण पूर्वीचं स्थान पुन्हा मिळालं नाही. १९४४ मध्ये नाशकातच त्यांचं निधन झालं, हलाखीत. देशातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट बनवणाऱ्या माणसाला पैसेवाल्यांची गाठ पडली नव्हती, असं कोणी म्हणेल का? गाठ पडली होती. निर्णय कोणाचा आणि धंदा कोणाचा, याचा झगडा मात्र सुटला नाही.

गेमच्या जगातलं अगदी अलीकडचं उदाहरण लेखकाचं आहे, पण ते चित्रकारालाही तंतोतंत लागू पडतं. माइनक्राफ्ट या गेमच्या शेवटी खेळणाऱ्यासमोर एक लांब मजकूर सरकत जातो. तो आयरिश लेखक ज्युलियन गॉफ यांनी २०११ मध्ये मैत्रीखातर लिहून दिला. त्याचे त्यांना २० हजार युरो मिळाले. हक्क लिहून देणारा करार त्यांनी कधीच केला नाही, असं गॉफ सांगतात. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने माइनक्राफ्टची कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. शेवटी २०२२ च्या डिसेंबरमध्ये गॉफ यांनी तो मजकूर सगळ्यांसाठी खुला करून टाकला. दोन्ही बाजू एकमेकांना चांगल्या ओळखणाऱ्या, हेतू स्वच्छ, आणि तरीही अकरा वर्षं मनात राहिलेला सल. याला मेळावा पुरा पडला नसता. दोन पानांचा कागद पडला असता.

आपल्याकडे या कागदाची गरज परदेशापेक्षा जास्त आहे, आणि ती कायद्यामुळेच आहे. बहुतेक चित्रकार असं धरून चालतात की चित्र मी काढलं म्हणजे हक्क माझा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सुरुवातीला तसंच म्हणतं. पण त्याच कलमात अपवाद आहेत. नोकरीत असताना काढलेल्या चित्राचा हक्क सर्वसाधारणपणे मालकाचा, हे अनेकांना माहीत असतं. त्याहून धोक्याचा अपवाद असा की कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन रंगवलेलं चित्र किंवा व्यक्तिचित्र असेल, तर उलट करार नसताना हक्काचा पहिला धनी काम सांगणारा ठरतो. म्हणजे करार केला नाही तर चित्रकाराच्या हातात काय उरेल, हे गेमवाल्याशी असलेल्या दोस्तीवर अवलंबून. डिजिटल स्प्राइट, म्हणजे गेममधलं हलतं चित्र, त्या कलमातल्या शब्दांत बसतं की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. ते बोलण्याची वेळ यावीच कशाला?

आणि गेमवाल्यांनीही इथे निर्धास्त राहू नये. याच कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. तोंडी ‘सगळे हक्क तुझे’ याला किंमत नाही. कागद आहे पण मुदत लिहिलेली नाही, तर मुदत पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नाही, तर फक्त भारत. म्हणजे ज्या गेमवाल्याने आज मोघम कागदावर चित्रं घेतली आणि सहा वर्षांनी तोच गेम जपानमध्ये विकायला काढला, त्याच्या पायाखालची जमीन तपासून बघायला हवी. कुठला मोठा प्रकाशक गेम घ्यायला आला तर हक्कांची साखळी तो आधी मागतो. चित्रकाराशी लेखी व्यवहार नसलेला गेम तिथेच अडतो. अंबडमध्ये हाच प्रश्न ‘डाय कोणाची?’ या दोन शब्दांत विचारतात. गेममध्ये त्याचं रूप असं: लेअर असलेली मूळ फाइल कोणाकडे, हीरोचं चित्र टी-शर्टवर छापायचं झालं तर वेगळे पैसे की नाही, दुसऱ्या भागात तोच हीरो दुसऱ्या चित्रकाराकडून काढून घेता येईल का, आणि पहिल्याचं नाव श्रेयनामावलीत राहील का.

पैसे बुडाले तर चित्रकाराने काय करायचं, यावर सहसा खांदे उडवले जातात. तेही बरोबर नाही. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा वस्तूंप्रमाणे सेवांनाही लागू आहे. २०२० पासून उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, तिला शुल्क नाही, आणि घरातून एकट्याने काम करणारा चित्रकारही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवू शकतो. नोंदणी झाल्यावर दिलेल्या कामाचे पैसे भारतातल्या गिऱ्हाइकाने ठरल्या तारखेला द्यावे लागतात, आणि ती तारीख कितीही लांबवली तरी ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं, आणि दाद मागायला सुविधा परिषद असते. अंबडचे वर्कशॉपवाले हा आकडा पाठ म्हणून दाखवतात. त्यांच्याच घरातल्या, सिडकोतल्या फ्लॅटमध्ये बसून चित्रं काढणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तो कोणी सांगितलेला नसतो. चहाच्या टेबलावर बापाचा अनुभव लेकीच्या धंद्यापर्यंत पोहोचत नाही, कारण घरात अजूनही तिच्या कामाला धंदा मानलं जात नाही. पैशावर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली, तेव्हा गेम म्हणजे जुगारच असं समजणाऱ्या घरांत तर या मुलांची आणखीच पंचाईत झाली.

दुसरं उत्तर असं येतं की एवढा उपद्व्याप कशाला, पुण्या-मुंबईला जाऊन नोकरी धर. नोकरी वाईट नाही. पण ती पक्की आहे, हा समज खोटा आहे. युबिसॉफ्टच्या मुंबई आणि पुणे स्टुडिओंकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीचं काम असल्याचं २०२० मध्ये मोठ्या धामधुमीत जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा जागतिक समूह कोसळला तेव्हा बंगळुरू आणि मुंबईतल्या ॲनिमेशन आणि व्हीएफएक्सच्या कलाकारांच्या नोकऱ्या हा हा म्हणता गेल्या. राहता राहिला आपल्या गावात उद्योग आणण्याचा मार्ग. एमआयडीसीने आयटीसाठी अंबडमध्ये बांधलेली इमारत कित्येक वर्षं रिकामी पडून राहिली, हे नाशिककरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. त्यातून पार्क उभे राहतील, राहू देत. पण त्या रकमेतला अगदी किरकोळ भाग खर्चून मराठीत आणि इंग्रजीत एक नमुना करार तयार करता येईल, राज्यातल्या प्रत्येक चित्रकला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला तो शिकवता येईल आणि वाद झाला तर कुठे जायचं हे सांगणारा एक माणूस प्रत्येक विभागात नेमता येईल. नाशिकमध्ये हे काम सर्वांत आधी व्हायला हवं. जलरंगांची मोठी परंपरा या गावाला आहे, शिवाजी तुपे यांच्यापासून प्रफुल्ल सावंत यांच्यापर्यंत. गोदाघाटाचं पाणी, ओल्या पायऱ्या आणि सकाळचा उजेड रंगवत हात बसलेली मुलं इथे आहेत. गेमची पार्श्वभूमी रंगवायला याहून वेगळी तयारी लागत नाही.

तिसरं उत्तर सध्या सर्वांत जोरात आहे: चित्रकाराची गरजच संपली, एआय चित्र देतं. ज्यांना हे खरं वाटतं त्यांनी गेम विकायला बसून बघावं. स्टीमने २०२४ च्या जानेवारीपासून एआयचा वापर उघड करायला लावला आहे आणि ती माहिती गिऱ्हाइकाला दिसते. ‘झर्या ऑफ द डॉन’ या चित्रकथेच्या बाबतीत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये मजकुराचा हक्क मान्य केला, पण मिडजर्नी या एआयने काढलेल्या चित्रांचा नाकारला. म्हणजे तिथल्या बाजारात ज्याच्या हीरोचं चित्र नुसतं यंत्राने काढलं आहे, त्याला तो हीरो दुसऱ्याने उचलला तर रोखणं कठीण. २०२५ च्या डिसेंबरमध्ये इंडी गेम अवॉर्ड्सने ‘क्लेर ऑब्स्क्युर’ या गेमला दिलेले पुरस्कार एआयच्या वापरावरून परत घेतले. शिवाय छोट्या गेमला गर्दीतून वर काढणारी पहिली गोष्ट असते ती त्याचं रूप. हजारो गेमचं रूप एकाच यंत्रातून येणार असेल, तर हातातला हुकमाचा पत्ता टाकून देण्यासारखंच झालं.

ज्याला नवं चित्र काढून घेणं परवडत नाही त्याने तयार चित्रांचा संच, म्हणजे ॲसेट पॅक, घ्यावा, यात कमीपणा काही नाही. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ बनवणाऱ्या लुका गॅलँटेंनी आधीच विकत घेऊन ठेवलेली तयार चित्रं वापरली, आणि त्या गेमला २०२३ मध्ये बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळाला. चित्रकाराच्या बाजूनेही हा रस्ता चांगला आहे. नाशिकच्या वाड्याचा एक टाइलसेट नीट बनवला, जिने, सज्जे, कोनाडे, कौलं सगळं धरून, तर तो शंभर जणांना विकता येतो आणि हक्क हातातून जात नाहीत. मराठीत याचा जुना दाखला आहे. दीनानाथ दलाल दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं करत होतेच, पण १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हा स्वतःचा दिवाळी अंक काढला. चित्र आपलं आणि चित्र विकण्याची जागाही आपली.

गेमवाल्यांच्या तक्रारींना मात्र उत्तर द्यायलाच हवं, कारण त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत. ॲडव्हान्स घेऊन गायब होणारे चित्रकार आहेत. पोर्टफोलिओत दुसऱ्याचं काम लावणारे आहेत. वीस दिवसांत देतो म्हणून दोन महिने ‘आज रात्री पाठवतो’ करत राहणारे आहेत. सगळे लेअर एकात मिसळून एकच पीएनजी पाठवायची, मग हीरोचा हात वेगळा हलवायचा तर पुन्हा पैसे मागायचे, हेही होतं. अशा चित्रकारांची बाजू घेण्याचं कारण नाही. अंबडमध्ये खराब माल परत येतो, रिजेक्शनचा शिक्का बसतो, आणि पुढची ऑर्डर दुसऱ्या गाळ्यात जाते. ज्या कागदाचा आग्रह इथे धरला आहे, तो चित्रकारालाही तेवढाच बांधतो. किंबहुना चांगल्या गेमवाल्याला त्याची जास्त गरज आहे: त्याचा सगळा गेम एका माणसाच्या तारखेवर उभा असतो, आणि तारीख लिहिलेली नसेल तर तो कोणाला जाब विचारणार?

म्हणून मेळावे भरवणाऱ्यांना, आयमा आणि निमा यांच्यासारख्या नाशिकच्या उद्योजक संघटनांना, कला महाविद्यालयांना एक मागणी करता येईल. पुढच्या औद्योगिक प्रदर्शनात एक टेबल या मुलांसाठी ठेवा आणि त्या टेबलावर ऑर्डरचा कोरा नमुना ठेवा. त्यात चित्रांची यादी फ्रेमच्या संख्येसह, पिक्सेलचं माप, फाइलचा प्रकार, पहिलं रफ पास करण्याची तारीख, दोन वेळा बदल फुकट आणि तिसऱ्यापासून फ्रेममागे दर. ३० टक्के ॲडव्हान्स, ४० टक्के अर्ध्या कामावर, बाकी मूळ फाइल देताना. प्रकल्प मधेच बंद पडला तर झालेल्या कामाचे पैसे. हक्क कशासाठी, किती वर्षं, कोणत्या देशांत. नाव श्रेयनामावलीत कुठे. एआयला शिकवण्यासाठी ही चित्रं वापरायची नाहीत, हेही एका ओळीत. वीस वर्षं जॉबवर्क केलेला एखादा वर्कशॉपवाला तिथे बसला तर त्याच्याइतकं चांगलं हे कोणी समजावून सांगणार नाही. दर कसा काढायचा, रिवर्क कोणाच्या खात्यावर, हे त्याच्या हाडात मुरलेलं असतं.

गेम जॅममध्येही हाच नियम लागू करावा. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस होतो आणि अनोळखी लोक साधारण ४८ तासांत मिळून एक गेम उभा करतात. तिथे कोणी पैशासाठी येत नाही, आणि ते छानच आहे. पण त्यातला एखादा गेम पुढे वाढवून विकायचा ठरतो, तेव्हा हीरो कोणी काढला आणि तो आता कोणाचा, यावरून पहिली कुरबुर होते. शुक्रवारी संध्याकाळी संघ जमल्यावर, लॅपटॉप उघडण्याआधी, एका पानावर सगळ्यांनी सह्या कराव्यात: गेम पुढे नेला तर चित्रांसाठी वेगळा करार होईल आणि तो होईपर्यंत चित्रं काढणाऱ्याचीच राहतील. दहा मिनिटांचं काम आहे.